डब्यातले पीच

३ मार्च, मंगळवार

कुलूप तुटलं नाही. दार तुटलं! मी घाव कुलपावर घालत होते, फळीच उभी चिरली. आत माझे पीच — डब्यातले, पाकातले. दादानं रविवारी कपाटात कोंडले होते. "दिवसाला एक वाटी. तीही ताटातलं जेवलीस तर."

एक डबा उभ्या उभ्या संपवला. दुसरा उघडत होते तेवढ्यात दादा कामावरून आला. दार बघितलं, हातोडी बघितली. कानाखाली एकच ठेवून दिली! त्या कानात अजून किटलीसारखी शिट्टी वाजतेय.

"अडतीस वर्षांची घोडी झालीस! फळांच्या फोडींसाठी घर पाडशील?"

मी डबा फेकला. त्याच्यावर नाही, भिंतीवर. मी वस्तू फोडते, माणसं नाही. मला हा फरक ढळढळीत दिसतो. बाकी कुणाला दिसत नाही.

वहिनी खाली बसून पाक पुसत होती. दादा तिला म्हणाला, "तुझेच लाड आहेत हे सगळे."

४ मार्च, बुधवार

उरलेले डबे दादानं गाडीत घालून कुठंतरी नेऊन टाकले. मी काही खाल्लं नाही. नाही म्हणजे, नाही जमलं.

६ मार्च, शुक्रवार

कुणी विचारत नाही, म्हणून इथेच लिहिते.

आधी उकडलेली अंडी होती. त्याआधी लोणी लावलेला पाव. एक पदार्थ डोक्यात येऊन बसतो आणि भुंग्यासारखा पोखरतो. तोच सकाळी, तोच संध्याकाळी. दुसरं काही तोंडात घातलं तर जीभ ते बाहेर ढकलते, घसा मिटतो. मग एके दिवशी आपोआप संपतं आणि वासही नकोसा होतो. अंड्यांचं तसंच झालं. कधी संपणार ते मला आधी कळत नाही. कळलं असतं तर दादाला तारीखच दिली असती!

पीच कसे असतात — गार, गुळगुळीत, प्रत्येक फोड दुसरीसारखी. आत बी नाही, रेषा नाही, अचानक काही लागत नाही. दिवसभरात माझ्याशी एवढं सरळ वागणारं दुसरं काही नसतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी याला नाव दिलं — ऑटिझम. मला हलकं वाटलं. दादा म्हणाला, "म्हणजे हट्टाला आता डॉक्टरी नाव!"

पैशांचंही तसंच. दिसलं की हात आधी जातो, मी मागून जाते. मागच्या थंडीत पगाराच्या दिवशी हिरव्या काचेचे टेबलावरचे दिवे दिसले. दुकानातले होते नव्हते तेवढे घरी आणले. वीजबिल भरायचं राहिलं, वीज तोडली. "दिवे आणलेस, आता लाव काडी!" — दादा. वहिनीला हसू फुटलं, मलाही. आम्ही दोघी हसलो याचाच त्याला जास्त राग आला. त्या दिवसापासून माझं कार्ड त्याच्या पाकिटात. दिवे ही चूकच होती, मान्य. पण घाम माझा आणि पाकीट त्याचं, हे किती वर्षं?

९ मार्च, सोमवार

भयंकर दिवस.

आमच्या लाँड्रीत दवाखान्याच्या चादरी येतात. आज मुकादमबाईंकडे उसने पैसे मागितले. "तुझ्या भावानं बजावलंय, हिच्या हातात काही देऊ नका." मग लंबूकडे मागितले. लंबू म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरची. तिनं दिले, वर म्हणाली, "जेव काहीतरी, भूत दिसतेस."

सुटल्यावर धावत दुकानात. फळीवर पीचचे दोनच डबे. एका बाईनं दोन्ही उचलले. मी म्हटलं, ते माझे. ती म्हणाली, "नाव लिहिलंय का तुमचं?" लिहिलं नव्हतं. मी डबा धरला. तिनं ओढला. वरची ट्यूबलाइट गुणगुणत होती, मागे कुणीतरी सामानाची गाडी घासत नेत होतं, सगळा आवाज डोक्यात घुसला आणि मी तिला ढकललं.

ती बाटल्यांच्या मांडणीवर पडली. काचा! भुवई फुटली, रक्त डोळ्यात.

म्हणजे मी माणसांनाही... ढकललं. मारलं नाही. असं लिहिलं तरी तिची भुवई फुटलेलीच राहणार.

दुकानदारानं दादाला बोलावलं. बाहेरच्यांशी दादा इतका गोड बोलतो की मुंग्या लागाव्यात. "माफ करा ताई. आजारी आहे बिचारी. आम्हीच कसं सोसतो ते आम्हाला ठाऊक." त्या बाईनं माझ्याऐवजी त्याच्याकडेच कीव आल्यासारखं बघितलं.

घरी आल्यावर मला वाटलं, आता मार. मला नाही पडला. वहिनीला पडला. "तू तिला एकटं सोडलंसच कसं?" दार बंद होतं. मी कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटत राहिले. त्या आवाजापेक्षा हा आवाज बरा.

१० मार्च, मंगळवार

वहिनीचा डोळा बंद. जांभळा.

शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांनी रात्री धडपड ऐकली होती. दादानं मान हलवत सांगितलं, "बहिणीचं डोकं फिरतं अधूनमधून. हिच्यावर हात टाकते. काल तर भर दुकानात एकीची भुवई फोडली."

काकू माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरल्या.

वहिनी गप्प होती.

११ मार्च, बुधवार

दिवसभर एकच विचार. मी मारलं का तिला? डोकं आपटताना मला सगळं आठवत नाही. कधीकधी मधला तुकडाच गायब असतो.

संध्याकाळी विचारलंच. "वहिनी, मी मारलं का तुला?"

ती चिरत होती ते थांबली. "नाही गं."

"मग काकूंसमोर बोलली का नाहीस?"

सुरी खाली ठेवून म्हणाली, "नवरा मारतो म्हटलं की लोक विचारतात, तू काय केलंस? वेडी नणंद मारते म्हटलं की हळहळतात."

मला राग यायला हवा होता. आलाही. पाण्याचा तांब्या मोरीत आपटला, चेपला. मग तो ठोकून सरळ केला. ती बघत होती. म्हणाली, "चुकलंच माझं." मी म्हटलं, हो.

१६ मार्च, सोमवार

वहिनीचा डावा हात मोडला. कारण — दादाच्या पाकिटातून माझं कार्ड काढताना सापडली. माझ्यासाठी काढत होती. त्यानं मनगट धरून दाराच्या चौकटीत घातलं आणि दार लोटलं. आवाज वाळक्या फांदीसारखा आला.

मी धावत गेले, त्याच्या पाठीवर बुक्क्या घातल्या. हो, मारलं! या वेळी मारलं, आणि मला आठवतंय!

हाडांच्या डॉक्टरांना दादानं सांगितलं, "बहिणीनं." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, "खोटं." पण माझ्या तोंडून ते किंचाळल्यासारखं आलं आणि मी हात फडफडवत होते. परिचारिका म्हणाली, "शांत व्हा, शांत व्हा." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. इथे चोर हळू बोलत होता आणि बोंब माझी होती.

१९ मार्च, गुरुवार

दादानं संस्था शोधलीय. गावाबाहेर आहे. घंटा झाली की जेवण, सगळ्यांना एकच वाटी, न खाणाऱ्याला भरवतात. "तिथं सरळ होशील." नोकरी सुटेल म्हटलं तर म्हणाला, मुकादमबाईंशी बोलणं झालंय. पुढच्या आठवड्यात नेणार.

"आणि माझं कार्ड?"

"ते इथंच राहील."

माझी साठलेली रक्कम तो संस्थेला भरेल की पाकिटाला, ते विचारलं नाही. दात ओठांत रुतले होते.

२१ मार्च, शनिवार

मनगट चावलं. माझंच. निळं झालंय.

२४ मार्च, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या विसकटेल.

दुपारी वहिनी बाहेरून आली. प्लास्टरच्या हाताला पिशवी अडकवलेली. त्यात पीचचा डबा! "तुला नेणार आहे तो परवा," म्हणाली. "तिथं कुठे मिळायचे." तिला एका हातानं उघडता येईना, मी उघडला. दोन चमचे घेतले. कुणाबरोबर वाटून खाणं मला आवडत नाही, पण तिला दिले. ती म्हणाली, "अगं, हे तर चांगलं लागतं!" इतके दिवस माझ्यासाठी आणत होती आणि स्वतः कधी चाखलं नव्हतं! ती खाताना हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. मग ती दादाचे शर्ट इस्त्रीला घेऊन बसली. एका हातानं. परवाच्या प्रवासाला त्याला कडक शर्ट हवे होते.

दादा लवकर आला.

त्यानं डबा बघितला. माझे केस मुठीत धरले. सकाळची भाजी पातेल्यात होती, गार, शिजून गाळ झालेली. "आज तू माणसासारखी जेवणार." मूठभर भाजी माझ्या तोंडात कोंबली. मी बाहेर ढकलली. पुन्हा कोंबली, तळव्यानं तोंड दाबून धरलं, नाकही. दोरे, बिया, तेल — घसा मिटला. उलटी वर आली, तिला बाहेर यायला वाट नव्हती. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी त्याचा हात ओरबाडला, पाय झाडले. तो म्हणत होता, "गिळ. गिळ. गिळ."

मग त्याचा हात एकदम सुटला.

मी जमिनीवर ओकत होते. वर बघितलं तर वहिनी उभी. हातात इस्त्री, वायर प्लगातून उपटून आलेली. दादा टेबलाच्या पायाशी. कानामागून रक्त, भराभर. त्याचा जबडा हलत होता, पण शब्द येत नव्हता.

वहिनी हलली नाही. मी चादर घेऊन जखमेवर दाबली. मोठ्यानं ओरडले — काकू आल्या, मग माणसं, मग रुग्णवाहिका.

काकूंनी दारातूनच माझ्याकडे बोट केलं. "हिनंच! मी तर कधीपासून म्हणतेय." माझे हात कोपरापर्यंत लाल होते.

वहिनी इस्त्री धरून तिथेच उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

२६ मार्च, गुरुवार

पोलीस ठाण्याची मागची खोली. काल घरून इथे आणलं. महिला पोलीस बऱ्या आहेत. माझी वही परत दिली, पेन दिलं, वरची ट्यूबलाइट विझवली.

दादा काल शुद्धीवर आला होता. त्यांनी विचारलं, कुणी मारलं? म्हणाला, "बहिणीनं." बायकोनं मारलं हे त्याच्या तोंडून निघणार नाही. मरतानाही निघणार नाही.

मला विचारलं, तुम्हीच ना? मी काही बोलले नाही. मला खोटं बोलता येत नाही. पण गप्प राहता येतं. ते मी वहिनीकडून शिकले.

ती तुरुंगात एका हातानं काय करेल? मला निदान लोक आधीच ओळखतात.

त्यांनी ताट आणलं. मी भिंतीकडे तोंड केलं. कुणी भरवलं नाही. बरं वाटलं.

२७ मार्च, शुक्रवार

वहिनी दवाखान्यातच आहे म्हणे, त्याच्या उशाशी. साहजिक आहे. मी वाट बघत नाही.

२८ मार्च, शनिवार

पहाटे दादा गेला. मला रडू आलं नाही. येईल. मला सगळं उशिरा येतं.

दहाच्या सुमारास वहिनी आली. साहेबांनी दारातच सांगितलं, "बाई, आता नुसती मारहाण राहिली नाही. खून आहे. तुमच्या नणंदेवर तसाच गुन्हा लागेल." ती खुर्ची ओढून बसली. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला.

"तिला सोडा," म्हणाली. "घाव माझा आहे. लिहून घ्या."