गेटअप उतरण्यापूर्वी

बाबा, चुलतभाऊ सर्वांना सांगतो की मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या रात्री, तुम्ही बाईच्या वेषात रंगमंचावर आलात आणि मी लाजून उठून गेलो. परवा माझ्या नातीसमोरही त्याने तेच सांगितले. हे विधान दोन ठिकाणी चुकीचे आहे. ती रात्र नव्हती, दुपारची रंगीत तालीम होती. आणि मी शेवटपर्यंत जागेवर बसून होतो.

नव्वदच्या दशकातली ती मंडई. मी पोंभुर्ण्याहून दिवाळीच्या सुटीत गावी आलो होतो. नाटकासाठी वडशाहून येणारी नटी पोहोचली नव्हती. ती आलीच नाही तर नाटकातली आई तुम्ही करायची, असे ठरले. तुम्ही मिशी भादरलीत, पेटीतून माझ्या आईचे लुगडे काढलेत आणि मला विचारलेत, "मास्तर, हे गेटअप गेटअप म्हंतेत, ते का असते गा?"

मी इंग्रजीचा शिक्षक. सांगितले, की इंग्रजीत हा शब्द बहुधा विचित्र वेषासाठी, किंचित उपहासाने योजतात. तुमचे नाटकवाले तो उगाच आदराने वापरतात. अर्थ एवढाच, की बाह्य वेष. आत काही नसते.

"अन् तुया पँटीले का म्हंतेत?"

"पोशाख."

"मंग तुयं बरं आहे!" म्हणून तुम्ही हसलात.

तुम्ही मंडपात येता. नायकापुढे ताट ठेवता आणि डोक्यावरून घसरलेला पदर मनगटाने वर सारता, बोटे अंगापासून दूर धरून. आई बोडीच्या तळ्यातल्या मासोळ्या साफ करीत असे. खवले लागलेली बोटे लुगड्याला लागू नयेत म्हणून ती पदर असाच मनगटाने सारी. मी चौथीत असताना ती गेली. तिचे एकही छायाचित्र नव्हते. तिचा चेहरा मी विसरलो आहे, हे त्या क्षणापर्यंत मला ठाऊकही नव्हते. तुमचा रुंद, रापलेला चेहरा तिच्यासारखा मुळीच नव्हता, तरी समोर तीच उभी होती. मागून शेजारची म्हातारी ओरडली, "अवं माय, हे तं तेच आली!" कोणीही हसले नाही.

तालीम संपली. पडद्यामागे तुम्ही माझी वाट पाहिलीत. मी आलो नाही. घरी येऊन एवढेच म्हणालात, "लाज वाटली असंल ना तुले?" मी तुम्हाला पाण्याचा तांब्या दिला. संध्याकाळी नटी आली, लुगडे पेटीत गेले आणि तो विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. तरी तिथी अचूक असाव्यात.

आई गेली आषाढात. चुलतभाऊ श्रावण म्हणतो, ते चूक.

तालीम झाली भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी.

तुम्ही गेलात त्याच वर्षीच्या पौषात, होळीला नव्हे.

आणि त्या दुपारी मी पडद्यामागे आलो नाही, ते लाजेने नव्हे. तुम्ही तोंडावरचा रंग धूत असाल, हे मला माहीत होते. ते मला पाहायचे नव्हते.