हिरव्या लाठ्या

सोम., ४ एप्रिल १९३८. गोंदिया

शाळेत मुलींसाठी लाठ्या आल्या. सगळ्या एका मापाच्या, वर हिरवा तेलरंग! शाळा समितीच्या चिटणिसांची हौस. चौथीतली ठेंगणी यशोदा नि सातवीतली ताडमाड गंगा, दोघींना एकच माप. बाबा तिरोड्याकडे तलावाच्या पाळीवर राखण करायचे. माणूस उभा करून त्याच्या कानापर्यंत लाठी कापायचे. मलाही लाठी त्यांनीच शिकवली. ड्रिलमास्तरांना हे सांगितलं, तर म्हणे, "बाईजी, लाइन तो देखो!" लाठी शिकवताहेत की कुंपण घालताहेत?

बुध., ६

मास्तर अंगठा काठीवर सरळ ठेवायला लावतात. फटका बसला की आधी अंगठाच जाईल. तो बोटांवर वळवून घ्यावा. नजर समोरच्याच्या खांद्यावर, हाताआधी खांदा हलतो. मास्तरांची नजर मात्र चिटणिसांच्या खुर्चीवर.

घामानं रंग बुळबुळीत होतो. गंगा म्हणाली, "बाई, काठी निसटून राहिली." मास्तरांना सांगायला हवं. उद्या.

सोम., ११

समितीपुढे कवायत. गंगाची लाठी हातातून सुटली ती थेट यशोदाच्या कपाळावर. चार टाके. चिटणिसांना घाई पाहुण्यांच्या सरबताची. मास्तर म्हणाले, "लडकियों के हाथ में दम नहीं." किळस आली दोघांची. त्याहून माझी. बुधवारपासून ठाऊक होतं. वहीत शहाणपण पाजळलं नि नोकरीच्या भीतीनं तोंड शिवून बसले.

मंगळ., १२

मुलींची लाठी बंद, त्याऐवजी विणकाम. चिटणिसांना म्हटलं, दोष रंगाचा, मुलींचा नाही. मी शिकवते.

"बाईमाणसाले लाठी कायले?"

मग घरी शिकवीन म्हटलं.

"मग शाळेत येऊ नका."

शनिवारपर्यंत काय ते सांगायचं. आई माझ्याच जिवावर. आणि या चिटणिसासारख्या टोणग्यापुढे मान तुकवायची?

गुरु., १४

यशोदाची आई तिला घेऊन घरी आली. पोरीच्या कपाळाला पट्टी. वाटलं, भांडायला आली.

"कपाळ फुटलं ते फुटलं, बाई. पण पोरगी तोंड पाहत उभी राहिली, बाजूले झाली नाही. तुमाले येते म्हंते गंगी. शिकवता का जी?"

मी म्हटलं, शनिवारी सांगते.

मी चिटणिसांकडे बघते ना, अगदी तसंच बघितलं तिनं माझ्याकडे. पोरीचा हात धरून निघून गेली.