परत आलेले हात

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ताईने बळेबळे कोंबलेला डबा, एवढा माझा संसार. डॉक्टर स्वतः खाली आल्या आणि एक बॅग उचलून माझ्याआधी जिना चढल्या. बाई सत्तरीच्या, धाप मला लागली. दातांचा दवाखाना खाली, लॅब मधल्या मजल्यावर, माझी खोली वर. खोलीला दोन खिडक्या. एकीतून समोरचं शिंप्याचं दुकान दिसतं, दुसरीतून नुसतं आभाळ.

रोज चार ओळी लिहायच्या ही ताईची अट, म्हणून ही वही. अकरा वर्षं एका मोठ्या लॅबमध्ये दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवल्या, दिवसाला चाळीस-चाळीस. शेवटी हात कापायला लागले. एका सकाळी लॅबच्या पायरीवर बसले ती दीड तास उठलेच नाही. चपलेचा पट्टा लावतेय असं सोंग करत राहिले. ताई येऊन घेऊन गेली. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची, ताई सतरा. मला उचलून न्यायचं काम तेव्हापासून तिचंच. चार महिने तिच्याकडे भिंतीकडे तोंड करून पडून होते. इथे दिवसाला एकच दात, घाई नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा ताई म्हणाली, जाऊन तर बघ, नाही जमलं तर मी आहेच.

बुधवार, ५ तारीख

पहिलं काम! सकाळी टेबलावर ट्रे ठेवलेला होता: प्लास्टरचा साचा आणि चिठ्ठी. वरचा डावा सुळा. पेशंटचं नाव नाही. डॉक्टर म्हणाल्या, नावाचं ओझं कशाला डोक्यावर?

कोरणी हातात घेतली. मग मेण मऊ झालं, आणि हात थरथरलेच नाहीत. सुळ्याच्या टोकाशी एक बारीकसा उतार असतो, घाईत कुणी तो करत नाही. आज केला. चक्क गुणगुणत होते! डॉक्टरांनी दात खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, तुझे हात परत आले. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

शनिवार, ८ तारीख

रविवारची वाट बघणारी मी, उद्या सुट्टी म्हणून हिरमुसलेय. कोण विश्वास ठेवेल!

ताईचा फोन. बुधवारी तोंड पुसताना तिचा सुळा टॉवेलात आला. दुखलं नाही, रक्त नाही. वर्गात शिकवताना ती आता ‘स’ म्हणाली की पोरं बाकाखाली तोंड घालून हसतात, हे सांगताना तीच जास्त हसत होती. कुठला सुळा, मी विचारलं. वरचा डावा.

योगायोग. तिचं वय झालंय असं म्हटलं तर मारेल मला.

मंगळवार, ११ तारीख

आज पुढचे दोन दात. सव्वाअकराला मेणातून मोकळे केले. इतके सुंदर, की उगाच चार वेळा उचलून पाहिले.

दुपारी ताईचा फोन. कविता वाचून दाखवताना पुढचे दोन्ही दात पुस्तकावर पडले. तिसरा तास, म्हणजे अकरा ते पावणेबारा. या वेळी ती हसली नाही.

मी खाली येऊन साचा उजेडात धरला. खालच्या ओळीत एक दात तिरका, कोपऱ्यात टवका उडालेला. ताई मला सायकल शिकवत होती, तेव्हा मी तिला पाडलं होतं. तो टवका मी तीस वर्षं पाहतेय.

बुधवार, १२ तारीख

डॉक्टरांना विचारलं. वाटलं होतं, वेड्यात काढतील. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाल्या, उत्साह काही हवेतून येत नाही. तुझा संपला होता. तुझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसाकडून तो येतोय. बळजबरी नाही. दार उघडंच असतं, जायचं तर जा.

दार खरंच उघडं होतं. जाऊन पाहिलं.

गुरुवार, १३ तारीख

काम बंद. ट्रेवर फडका टाकला. उद्या सकाळच्या बसने ताईकडे.

शुक्रवार, १४ तारीख

उठता आलं नाही. हात पुन्हा कापतायत, बॅगेची चेन लागत नाही. तेच जुनं, छातीवर ओलं पोतं ठेवल्यासारखं.

रविवार, १६ तारीख

दोन दिवस केस विंचरलेले नाहीत. ताईने फोनवर नुसता माझा आवाज ऐकला आणि ओळखलं. बोबडं बोलत विचारत राहिली, जेवलीस का, झोपलीस का, मी येऊ का. नको म्हटलं. का नको ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कर, खुशाल कर. तेच ऐकायची भीती वाटली.

सोमवार, १७ तारीख

एकच दाढ. अगदी मागची, हसताना दिसतही नाही. दहाला बसले, बाराला झाली. मग आंघोळ केली, पोटभर जेवले. शिंप्याला खिडकीतून हात केला.

मंगळवार, १८ तारीख

चार दाढा. मागच्याच. थांबणार होते दोनवर —

बुधवार, १९ तारीख

वरची ओळ पूर्ण झाली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, आणि तरीही ते खरं आहे.

ताईचा फोन. शब्द नीट कळत नव्हते. माझा आवाज आज किती छान वाटतोय, म्हणाली. दातांचं काय एवढं, कवळी तूच करून देशील की. उद्या दुपारच्या बसने येतेय, मला बघायला.

येऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं. ये म्हणाले.

गुरुवार, २० तारीख, सकाळ

ट्रेमध्ये दात नाहीत. प्लास्टरमध्ये दोन खोबण्या आहेत, शेजारी शेजारी. चिठ्ठी: कृत्रिम डोळे, दोन, गडद तपकिरी.

नाही. हे नाही. वही घेऊन वर आले.

साडेअकरा

डॉक्टर वर आल्या होत्या. हे काम फार थोड्यांना येतं, शिकवेन, म्हणाल्या. अकरा वर्षांत मला कुणी काही नवीन शिकवलं नव्हतं. बघायला काय जातं. नुसतं मेण ओतून बघते, रंग नाही —

एक

डावा झाला. बाहुलीभोवती सोनेरी रेघा ओढायच्या असतात, एका केसाच्या ब्रशने. हात दगडासारखे स्थिर.

बसमधून ताईचा फोन. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलंय वाटतं, म्हणाली. काळजी करू नकोस, येतेच.

ब्रश खाली ठेवला. ठेवला होता. शपथ

दोन वाजून दहा

लॅबच्या खिडकीतून दिसतंय, शिंपी कुणाला तरी हात धरून रस्ता ओलांडून देतोय. ताईचीच साडी. उजवा जवळजवळ — एकच रेघ — ही ओढली नाही तर वाया जाईल सगळं —

पावलं जिन्यात. चाचपडत. ताई विचारतेय, भर दुपारी तुमच्याकडे एवढा अंधार का