लाल पेन्सिल

गुरुजी,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात एकही फोन नव्हता. त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला कशी समजावून सांगावी, याची मला सकाळपासून काळजी लागली आहे. माझी काळजी करायची सवय तुम्हाला ठाऊक आहे. सुट्टीची घंटा वाजायची राहून जाईल की काय, याचीही मी वर्गात बसून काळजी करायचो. तर आता हातात मावेल एवढी एक पाटी असते. ती उजळते, बोलते, आणि तिच्यात पुस्तकं, पत्ते, सिनेमे, दुकानं, सगळा आठवडी बाजार भरलेला असतो. माझी नात त्या पाटीवर अभ्यास करते.

ती माझ्याजवळ राळेगावला राहते. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. मागे त्याचा फोन आला. "बाबा, पोरगी दिवसभर मोबाईलमंदी डोकं घालून बसते म्हणे. तुमी तो काहाडून घ्या. यंदा नंबर नाई लागला तं मी तिचं लग्न लावून देईन. स्थळ आलंच हाय." मी हो म्हणालो खरा, पण करावं काय? मोबाईल काढून घ्यावा, तर तिची सगळी पुस्तकं त्यातच. न घ्यावा आणि पोरगी बाजारात हरवली, तर दोष माझा.

म्हणून त्या दुपारी मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

"आबा, पोलीस हाय का तुमी?" मागे न बघता ती म्हणाली.

"तुह्या बापानं बसवलं मले."

"मंग पाहा नीट. झोपू नका."

मी पाहत राहिलो. तिच्याकडे इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगणारं एक ॲप होतं. एक शब्द शोधला की एक जाहिरात. रमी खेळा, कर्ज घ्या, गोरे व्हा. तिने ते काढून टाकलं आणि दुसरं शोधलं. त्यात ना चित्र, ना रंग, नुसते शब्द. मी म्हणालो, "हे असं भकास कायले घेतलं वं?" तर म्हणते, "भकास हाय म्हूनच तं घेतलं." पाठांतराच्या चिठ्ठ्यांसाठी तिला अजून एक हवं होतं. तिने उघडलेलं पहिलंच ॲप विचारायला लागलं, तुम्ही कुठे आहात ते पाहू का, तुमच्या ओळखीच्यांचे नंबर घेऊ का. ती नाही म्हणाली. ते अडून बसलं. तिने ते फेकून दिलं. घरातली म्हातारी बाई भाजी निवडताना किडकं पान जसं बाजूला टाकते, तसं. शेवटी तिला एक मिळालं, काहीच न मागणारं. ते काय काय घेतं हे तिने आधी वाचून पाहिलं, मग ठेवलं. आणखी एक होतं, ते ठरवलेल्या वेळेपर्यंत बाकीच्या ॲपची सगळी दारं लावून घ्यायचं.

मी म्हणालो, "मी तं सगळ्याइले हो म्हणतो."

"काहून?"

"इतकं हात जोडल्यावानी इचारते ते. दारात आलेल्याले नाई कसं म्हणाव?"

ती हसता हसता वहीवर आडवी झाली. "म्हून तुमाले रोज कर्जवाल्याचे फोन येतात, आबा! अन् तुमी त्याइले जेवले का म्हून इचारता!"

विचारत होतो, गुरुजी. नाव घेऊन बोलतात, तर मला वाटलं कोणी जुन्या ओळखीचे असतील.

मग डोळे पुसत ती म्हणाली, "फुकट देऊन राह्यले ना हे? मंग त्याइले माह्या वळखीच्या लोकाइचे नंबर कायले पाह्यजे?"

हे बोलणं मी लहानपणी ऐकलेलं होतं.

कापसाचे दिवस आहेत. गावात घरोघरी खोलीभर कापूस भरलेला आहे, आम्ही पोरं त्याच्यावरच झोपतो आणि अंग खाजवत शाळेत येतो. मधल्या सुट्टीत सायकलवरून एक माणूस येतो, पांढरेशुभ्र कपडे घातलेला. तो आम्हाला लाल पेन्सिली वाटतो. पेन्सिल हातात देताना गालाला हात लावून विचारतो, तुमच्या घरी कापूस कुठवर आला बाळा? खिडकीपर्यंत की आढ्यापर्यंत? बाप कधी विकणार? आम्ही एकमेकांना ढकलून सांगतो. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाच्या बापाला विकायची घाई आहे, सगळं सांगतो. तेवढ्यात खडूच्या हाताने तुम्ही बाहेर येता.

"पेन्सिल फुकट हाय ना? मंग त्याले तुमच्या घरचा कापूस कायले पाह्यजे?"

तुम्ही टोपी काढून पुढे धरता, सगळ्या पेन्सिली तीत गोळा करता आणि त्या माणसाला परत देता. माझी मात्र मी तोवर चावून ठेवली आहे. तुम्ही तिच्याकडे बघता, तिच्या बदल्यात खिशातली स्वतःची पेन्सिल त्या माणसाला देता, माझी चावकी खिशात ठेवता आणि त्याला फाटकापर्यंत सोडून येता. मग वर्षभर तुम्ही तिनेच हजेरी घेत होता. रोज सकाळी मला माझे दात दिसायचे.

मला तेव्हा तुमचा राग आला होता. सातवीनंतर शाळा सुटली, तरी तो व्यापाऱ्याचा माणूस कशाला आला होता हे मला उमगलं नव्हतं. या वयात उमगलं, तेही एका पोरीच्या तोंडून. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. ही गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. मग तुमचे शब्द तिच्याजवळ कोणत्या वाटेने आले? मी त्या दिवसापासून याच विचारात आहे आणि मला थांग लागत नाही. आमच्या फाटकात तुम्ही उभे होता. तिच्या फाटकात कोणी नाही, गुरुजी. तिथे ती स्वतःच उभी राहते, माणूस ओळखते, परत पाठवते, आणि आत येऊन पुन्हा अभ्यासाला बसते.

रविवारी मुलगा एसटीने आला. पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "काहाडला का मोबाईल?"

"नाई काहाडला. तूच बस तिच्या मागं."

तो बसला. तिचा फोन एकदाही वाजला नाही. त्याचाच खिशात सारखा वाजत होता, आणि दरवेळी तो काढून बघत होता. शेवटी पोरगीच म्हणाली, "पप्पा, तुमी बाहीर बसा बरं." तो बाहेर आला, चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला, "परीक्षा होईस्तोवर राहू द्या. पण मंग मी तुमाले इचारीन."

"इचार," मी म्हणालो. तेव्हापासून मला जेवण जात नाही. परीक्षा अजून व्हायची आहे.

हे मी मोबाईलवरच लिहितो आहे, एका बोटाने. नातीने मला लिहायला एक भकास ॲप घालून दिलं. "यात लिहिलेलं कुठीच जात नाई, आबा. फोनमंदीच राह्यते." बरंच झालं. तुमचा पत्ता तरी मला कुठे ठाऊक आहे?

आणि एक. तुमचं बरोबर होतं, हे मला आता पूर्ण पटलं आहे. तरी ती लाल पेन्सिल मला हवी होती, गुरुजी. अजून हवी आहे.