बाटलीत उरलेलं ओआरएस

मल्हारगंज, मंगळवार संध्याकाळ

आमच्या हिचे, सुमनचे जुलाब थांबेनात. कालचं ओआरएस मी फ्रिजमध्ये जपून ठेवलेलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, चोवीस तास झाले, फेका ते. पाणी उकळून गार केलंय, लिटरभरात नवं पाकीट टाकते." मोरीत ओतू लागलो, तर संपेचना. बाटली जवळजवळ भरलेलीच! म्हणजे सुमन प्यायलीच नाही? मला तर म्हणत होती, "घेतलं हो, सारखं काय विचारता!" भरलेली बाटली... मी बघितली कशी नाही?

नवं चमच्याने पाजताना शाळेतली कविता म्हटली. मुद्दाम ओळ चुकवली. जन्मभर टोकत आलेली बाई आज गप्प. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले.

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, अब घर में नहीं होगा. ॲडमिट करू."

रिक्षा येतेय. सुमनच्या पायात चप्पल घालू लागलो, तर तिने पायही उचलला नाही.