तक्त्याबाहेरचं पाणी

प्रिय ठमे,

चौतीस वर्षांच्या बाईला ठमी म्हटलेलं आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण दुसरी कुठलीही सुरुवात केली की पत्र सरकारी वाटायला लागतं. तीन कागद फाडले. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ लिहिल्याशिवाय तुमचा हातच पुढे सरकत नाही, असं तुझी आई म्हणते. ती बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना उतरताना माझा हात धरायला अजून तयार नाही. तुझ्या खोलीत तिने शिवणयंत्र हलवलंय. खिडकीपाशी उजेड चांगला येतो म्हणे. पलंग मात्र हलवू देत नाही.

निवृत्तीनंतर, दोन महिन्यांपासून मी पुन्हा जलशुद्धीकरण केंद्रावर जातोय, सल्लागार म्हणून. नव्या प्रमुख बाई आल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा तक्ता भिंतीवरून उतरवला. कुठल्या महिन्यात पाण्यात किती तुरटी घालायची ते सांगणारा, वीस वर्षांपूर्वी मी काढलेला, काचेच्या चौकटीतला. मला फार झोंबलं. त्या जागी त्यांनी साधा फळा लावला आणि वर लिहिलं, ‘आज काय वेगळं दिसलं?’ कुणीही लिहावं, नाव घालायची गरज नाही. दर सोमवारी पंपावरच्या माणसापासून रसायनतज्ज्ञापर्यंत सगळ्यांनी चहा घेत ते वाचायचं.

तीन आठवडे फळा कोरा होता. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा पंपावरचा जुना माणूस म्हणाला, “बाई, इथे वेगळं दिसलं की सांगणाऱ्यालाच लेखी खुलासा द्यावा लागायचा. मग माणसाला दिसेनासंच होतं.” सगळे हसले. मीही हसलो. ते खुलासे मागणाऱ्या कागदांखाली सही माझी असायची, हे घरी येताना रस्त्यात आठवलं.

आणि तुझे ते सहा काचेचे जार आठवले. नदीच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर फोडत होते, ते चार वर्षांपूर्वीचे दिवस. तू रोज नदीचं पाणी सहा जारांत भरायचीस, प्रत्येकात तुरटी वेगवेगळी, आणि गाळ कशात नीट बसतो ते बघत उभी राहायचीस. केंद्रावर तू मला कटाक्षाने ‘सर’ म्हणायचीस. त्या बैठकीतही म्हणालीस, “सर, नदी बदलली आहे. आपण पाण्याकडे बघतच नाही, तक्त्याकडे बघतो.” त्यावर मी म्हणालो होतो, “काल आलेल्या पोरीने आम्हाला नदी शिकवू नये.” साहेब बोलले म्हणून सगळे फिदीफिदी हसले. तू जार एकेक करून धुतलेस, पालथे घातलेस आणि गेलीस. महिन्याभराने राजीनामा. लोकांना मी सांगत सुटलो, पोरीला मोठ्या शहरात चांगली संधी मिळाली.

तू नोकरी सोडून गेल्यावर पाचव्या आठवड्यात पाणी बिघडलं. आजारी माणसांच्या खाटा दवाखान्याच्या वऱ्हांड्यापर्यंत आल्या होत्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या तुझ्या गणिताच्या बाई चौथ्या दिवशी गेल्या. आईने तुला फोनवर सांगितलं ना, वयोमानाने गेल्या म्हणून? तसं सांग, असं तिला मी म्हटलं होतं. तिने ऐकलं, पण पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

चौकशी समिती बसली. ठपका आला तुरटीमामांवर. तुला आठवतात ना, तुरटीच्या टाकीपाशी बसणारे, तुला ‘छोट्या साहेब’ म्हणणारे? मात्रा चुकवली म्हणून त्यांना घरी बसवलं. खरं सांगायचं तर त्यांनी तक्त्याबरहुकूमच मात्रा घातली होती. पहिल्याच सकाळी त्यांचा फोन आला होता, “साहेब, पाणी नितळत नाही, जरा वाढवू का? पोरगी म्हणत होती तसं?” मी म्हणालो, तक्त्यात आहे तेवढंच. समितीपुढे त्यांनी या फोनबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. आता ते भावाच्या दुकानात बसतात. मला रस्त्यात बघितलं की अजून उठून उभे राहतात. मी हल्ली पलीकडच्या रस्त्याने जातो.

हळूहळू फळा भरायला लागला. कुणी लिहिलं, पाण्याला मातकट वास आहे. कुणी लिहिलं, दुसऱ्या पंपाचा आवाज बदललाय. बाई ‘कुणी केलं’ असं विचारत नाहीत, ‘काय दिसलं’ एवढंच विचारतात. परवा एका पावसाळी सकाळी त्या वासावरूनच त्यांनी मात्रा बदलली आणि गावाला कळलंसुद्धा नाही. एवढं सोपं होतं गं. आणि मग गेल्या सोमवारी फळ्यावर एकच ओळ होती: ‘तुरटीमामांची चूक नव्हती.’ बाईंनी विचारलं, याबद्दल कुणाला काही माहीत आहे का? सगळे कपात बघत होते. मीसुद्धा चहा संपवून घरी आलो.

मंगळवारी मात्र परत गेलो. राजीनाम्याआधी तू मला चार पानी टिपण दिलं होतंस, सहाही जारांच्या आकड्यांसह. समितीपुढे मी शपथेवर सांगितलं होतं की अशी कुठलीही लेखी सूचना आली नव्हती. ते टिपण माझ्या कपाटात होतं. ते मी बाईंच्या हातात दिलं आणि मामांच्या फोनचं सगळं लिहून खाली सही केली. चौकशी पुन्हा उघडली आहे. या आठवड्यात तुला समितीचा फोन येईल. टिपण कधी दिलं, वडिलांनी ते वाचलं होतं का, असं विचारतील. तुला मी ओळखतो. तू म्हणशील, घाईत दिलं होतं, बाबांनी बहुधा पाहिलं नसेल. तसं म्हणू नकोस. मी ते दोनदा वाचलं होतं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला पटलं होतं की तुझंच बरोबर आहे.

तुझाच,
बाबा