मागच्या दाराचे आतले हँडल

"सूनबाई, दार बाहेरूनच उघडते. तू फक्त बसून राय," असे माझे सासरे मनिराम, म्हणजे आमचे मामाजी, माझ्या पाठवणीच्या दिवशी म्हणाले होते. त्याला चोवीस वर्षे झाली. मी बसून आहे.

मी, दुर्गेश्वरी योगराज कापगते, वय ४६, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव. पुढच्या महिन्यात नागपूरला माझे ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. यजमान धानकापणीला गेले आहेत.

१. घर आणि शेतीवर माझे नाव नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

२. शिलाई मशीन जाऊबाई मंजूला. तिने माझ्या ब्लाउजचे माप कधी बरोबर घेतले नाही. आता सराव होईल.

३. पांढरी अम्बॅसेडर वाटणीत जाऊ नये म्हणून मामाजींनी मरणाआधी माझ्या नावावर केली. चावी मात्र यजमानांच्या खिशात असते. ही गाडी मी माझी मुलगी आचल हिला देते.

या गाडीच्या मागच्या दारांना आतून हँडल नाही. मामाजींची बहीण वच्छला लग्नाच्या दिवशी इटियाडोह धरणाच्या कालव्यापाशी गाडीतून उतरली आणि बांधाबांधाने घरी परत आली. संध्याकाळी तिला पुन्हा सासरी पोचवले. दुसऱ्या दिवशी मामाजींनी हँडल काढली. तेव्हापासून घरातली प्रत्येक नवरी याच गाडीत, मागेच बसते. माझ्या वेळी अर्जुनीला सगळे चहाला उतरले. मागची काच जाम होती. मी ती ठोकत राहिले. लोकांना वाटले, नवरी रडते आहे.

वैशाखात आचलचे लग्न आहे. गोंदियाचे मिस्त्री भैय्यालाल गाडी बघायला आले तेव्हा मी हँडलचा विषय काढला. यजमान म्हणाले, "ओरिजनल गाडी आहे. एक स्क्रू बदलला त इज्जत जाते तिची."

भैय्यालाल हसले. "भैया, कंपनी ने तो हँडल लगाके दी थी. फिर ओरिजनल कौनसा?"

"बाबानं ठेवली तशी. तेच ओरिजनल."

माझे म्हणणे असे: रंग खरवडू नये, पोचे काढू नयेत. सीटवर माझ्या मेंदीचा डाग आहे, तोही राहू द्यावा. मलाही जुने जपावेसे वाटते. फक्त दार आतून उघडावे.

४. मामाजींच्या दाढीच्या डब्यात ती दोन्ही हँडल मला सापडली, तेल लावून कापडात गुंडाळलेली. त्यांनी ती फेकली का नाहीत, हे मला कधी कळले नाही. तीही आचलला.

५. वच्छला आत्याबाईंना काही देत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. सहीला बोलावले तेव्हा हँडल हातात घेऊन म्हणाल्या, "माह्या एकटीपायी साऱ्या पोरी कोंडल्या वं." मी म्हटले, "तुम्ही एकट्याच उतरल्या, आत्याबाई." त्यांनी सही जरा जोरात केली. कागद फाटता फाटता राहिला.

साक्षीदार: १. वच्छलाबाई गहाणे २. भैय्यालाल मिस्त्री
सही: दुर्गेश्वरी योगराज कापगते
केशोरी, १२ नोव्हेंबर २०२५

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ही नुसती विनंती. अहो, मी असो वा नसो, आचल गाडीत बसण्याआधी ती हँडल तुम्ही स्वतःच्या हाताने लावा. तुम्ही नाहीच म्हणाल. तरी स्क्रूही त्याच कापडात ठेवले आहेत.